दोन शास्त्रांत पसरलेल्या संशोधनाचे मोजमाप कसे करावे: परिसंस्थाशास्त्र, संख्याशास्त्र आणि सायटेशनचे वाचन

१९४३ साली ‘जर्नल ऑफ ॲनिमल इकॉलॉजी’ या शोधपत्रिकेत रोनाल्ड फिशर, स्टीव्हन कॉर्बेट आणि सी. बी. विल्यम्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कॉर्बेट यांच्यापाशी मलायातील फुलपाखरांच्या नोंदी होत्या, विल्यम्स यांच्यापाशी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे प्रकाशसापळ्यात सापडलेल्या पतंगांच्या नोंदी होत्या, आणि एखाद्या नमुन्यात जीव किती व त्यांच्या जाती किती यांचे नाते फिशर यांनी एका गणिती श्रेणीत बसवून दाखवले. परिसंस्थाशास्त्राला या निबंधातून जैवविविधतेचे एक माप मिळाले. संख्याशास्त्रात मात्र त्यातून वेगळाच प्रश्न पुढे गेला: नमुन्यात न दिसलेल्या जाती किती असतील? १९५६ मध्ये आय. जे. गुड आणि जी. एच. टूलमिन यांनी ‘बायोमेट्रिका’मध्ये त्याचा विचार केला आणि १९७६ मध्ये ब्रॅडली एफ्रॉन व रोनाल्ड थिस्टेड यांनी याच विचाराच्या आधारे शेक्सपिअरला ठाऊक असलेल्या, पण त्याच्या लेखनात न आलेल्या शब्दांचा अंदाज बांधला.

अशा निबंधाला मिळालेली सायटेशन्स, म्हणजे इतर निबंधांनी संदर्भ म्हणून केलेले त्याचे उल्लेख, कोणत्या शास्त्राच्या खात्यावर मांडायची, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आजही प्राणिसंख्येचे अंदाज, जातींच्या वितरणाची मॉडेल्स किंवा मिश्र-परिणाम मॉडेल्स (गटागटांतील फरकही हिशेबात धरणारी मॉडेल्स) यांवर काम करणारे अनेक शास्त्रज्ञ दोन्ही शास्त्रांत लिहितात. निवड समितीपुढे, अनुदानाच्या अर्जात किंवा विभागाच्या अहवालात त्यांचे काम एका आकड्यात कोंबले जाते, तेव्हा एका शास्त्राचा अंदाज हमखास चुकतो. पुढील पद्धत अशा शास्त्रज्ञाचे काम तपासणाऱ्यासाठी आहे आणि स्वतःच्या कामाचा आढावा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञालाही ती तशीच उपयोगी पडेल. तिचा गाभा एवढाच आहे की सायटेशन कोणी केले आणि कशासाठी केले, हे विचारल्याशिवाय त्याची बेरीज करू नये.

पहिली पायरी: निबंधांची यादी पक्की करणे

कोणताही निर्देशांक काढण्याआधी यादी शुद्ध करावी लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी पुढचे सर्व निष्कर्ष त्यावरच उभे राहतात. प्रथम शास्त्रज्ञाचा ऑर्किड (ORCID) क्रमांक पाहावा. २०१२ मध्ये सुरू झालेला हा १६ अंकी ओळखक्रमांक नावांतील साम्यामुळे होणारा घोळ बऱ्याच अंशी टाळतो, परंतु त्यावरील नोंदी शास्त्रज्ञाने स्वतः अद्ययावत ठेवल्या असतील तरच तो पूर्ण मानावा. त्यानंतर वेब ऑफ सायन्स, स्कोपस, गूगल स्कॉलर आणि ओपनॲलेक्स या निबंधांच्या व सायटेशन्सच्या डेटाबेसपैकी किमान दोन ठिकाणच्या याद्या डीओआय क्रमांकाच्या, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ओळखक्रमांकाच्या, आधारे ताडून पाहाव्यात. डीओआय नसलेल्या नोंदी शीर्षक, वर्ष आणि सहलेखक पाहून हाताने जुळवाव्यात.

दोन शास्त्रांत लिहिणाऱ्याच्या बाबतीत नोंदी फुटण्याचा धोका अधिक असतो. लेखक-ओळखीचे अल्गोरिदम सहलेखक, संस्था आणि विषय यांवर विसंबतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचे संख्याशास्त्रीय निबंध एका ओळखीखाली आणि क्षेत्रीय अभ्यासाचे निबंध दुसऱ्या ओळखीखाली जमा झालेले सर्रास आढळतात. उलट बाजूने, समान आद्याक्षरांच्या भलत्याच व्यक्तीचे निबंधही यादीत शिरतात. म्हणून सर्वाधिक सायटेशन्स असलेले पहिले २० निबंध एकेक उघडून लेखकाची संस्था तपासावी, कारण चूक याच भागात असेल तर ती सर्वांत महाग पडते.

यादी शुद्ध झाल्यावर तिचे प्रकार पाडावेत. मूळ संशोधन, समीक्षालेख, पुस्तक, सॉफ्टवेअरचे वर्णन करणारा निबंध, विदासंचाचे (डेटासेटचे) वर्णन करणारा निबंध आणि चर्चा किंवा प्रत्युत्तर असे वर्ग पुरेसे होतात. संख्याशास्त्रात महत्त्वाचे निबंध अनेकदा इतर तज्ज्ञांच्या चर्चेसह छापले जातात आणि त्या चर्चेची व लेखकाच्या उत्तराची स्वतंत्र नोंद होते. दोन पानांच्या अशा टिपणाला पूर्ण निबंध धरल्यास निबंधांची संख्या फुगते आणि प्रतिनिबंध सरासरी खाली येते. प्रीप्रिंट (परीक्षणाआधी खुला केलेला मसुदा) आणि त्याची छापील आवृत्ती या दोन नोंदी असतील, तर त्या एकत्र कराव्यात, मात्र दोन्हींना सायटेशन करणारा एकच निबंध दोनदा मोजला जाणार नाही याची खात्री करावी.

दुसरी पायरी: कोणता डेटाबेस काय दाखवतो, हे ओळखणे

वेब ऑफ सायन्सचे मूळ यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या आणि १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मध्ये आहे. तो निवडक शोधपत्रिकांवर भर देतो. स्कोपस २००४ मध्ये आला, गूगल स्कॉलरही त्याच वर्षी. ओपनॲलेक्स २०२२ मध्ये खुला झाला आणि त्यातील विदा कोणालाही मोफत उतरवून घेता येते, त्यामुळे पडताळणीयोग्य विश्लेषणासाठी मी त्यालाच प्रथम पसंती देतो.

गूगल स्कॉलरचे आकडे जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठे असतात, कारण त्यात प्रबंध, शासकीय व संवर्धनविषयक अहवाल, पुस्तके आणि प्रीप्रिंट यांतील सायटेशन्सही येतात. परिसंस्थाशास्त्रासाठी हा दोष समजण्याचे कारण नाही. एखादी गणनापद्धती अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात वापरली गेली असेल, तर तो खराखुरा परिणाम आहे आणि तो निवडक पत्रिकांच्या यादीत कधीच दिसणार नाही. अडचण एवढीच आहे की गूगल स्कॉलरमधून सर्व नोंदी ठोक स्वरूपात अधिकृतपणे उतरवता येत नाहीत आणि त्यामुळे तपासणी अवघड होते.

पुस्तकांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. मॉडेल-निवडीवरील केनेथ बर्नहॅम आणि डेव्हिड अँडरसन यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले, त्याची दुसरी आवृत्ती २००२ मध्ये आली, आणि अनेक मॉडेल्समधून योग्य ते निवडण्याचा अकाइके यांचा निकष परिसंस्थाशास्त्रात रुजण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. अशा पुस्तकाची सायटेशन्स आवृत्ती, वर्ष आणि शीर्षकाच्या निरनिराळ्या रूपांत विखुरलेली असतात. वेब ऑफ सायन्समध्ये नेहमीच्या शोधाऐवजी ‘साइटेड रेफरन्स सर्च’ वापरल्यास ही विखुरलेली रूपे एकत्र दिसतात. स्कोपसमध्ये त्यासाठी ‘सेकंडरी डॉक्युमेंट्स’ची यादी पाहावी लागते.

वेगवेगळ्या डेटाबेसमधील आकडे एका तक्त्यात मिसळू नयेत. एका व्यक्तीचा आकडा गूगल स्कॉलरमधून आणि दुसऱ्याचा स्कोपसमधून घेऊन केलेली तुलना निरर्थक असते.

तिसरी पायरी: कच्चे निर्देशांक काढणे आणि त्यांच्यावर लगेच विश्वास न ठेवणे

समजा, एका काल्पनिक शास्त्रज्ञाच्या नऊ निबंधांना अनुक्रमे ४२०, ९५, ४०, २२, १५, ९, ६, ३ आणि ० अशी सायटेशन्स आहेत. एकूण ६१०. सरासरी सुमारे ६८, पण मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, १५. जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक म्हणजे अशी सर्वांत मोठी संख्या, की तितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन्स मिळालेली असतात. येथे सहाव्या निबंधाला ९ सायटेशन्स आहेत आणि सातव्याला ६, म्हणून एच-निर्देशांक ६. गूगल स्कॉलरचा आय-१० निर्देशांक, म्हणजे किमान १० सायटेशन्स असलेल्या निबंधांची संख्या, ५.

आता पहिला निबंध यादीतून काढून टाकून पाहावा. एकूण सायटेशन्स ६१० वरून १९० वर येतात, सरासरी सुमारे २४ होते, मध्यक १२ होतो. एच-निर्देशांक मात्र ६ चा ६ च राहतो, कारण उरलेल्या यादीत सहाव्या क्रमांकावर आलेल्या निबंधाला बरोबर ६ सायटेशन्स आहेत. ज्या निबंधाने एकूण सायटेशन्सपैकी ६९ टक्के वाटा उचलला, त्याची या निर्देशांकाला दखलच नाही. लिओ एघे यांनी २००६ मध्ये सुचवलेला जी-निर्देशांक मोठ्या निबंधांना अधिक वजन देतो, पण मग एकाच निबंधावर सगळे चित्र अवलंबून राहण्याचा उलटा धोका येतो.

सायटेशन्सची विभागणी अशीच तीव्रपणे एका बाजूला कललेली असते. बहुतेक निबंधांना थोडी आणि फार थोड्यांना अतोनात सायटेशन्स मिळतात. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये वर्णिलेला ‘मॅथ्यू परिणाम’ त्यामागच्या कारणांपैकी एक आहे, कारण ज्याचे नाव आधीच माहीत आहे त्याचाच उल्लेख पुन्हा होतो. इतक्या कललेल्या विभागणीचा सारांश सरासरीने करणे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षातही चूक मानले जाईल. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने संख्याशास्त्र आणि उपयोजित गणिताच्या संस्थांसह ‘सायटेशन स्टॅटिस्टिक्स’ नावाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि एकाच आकड्यावर माणसाची गुणवत्ता ठरवण्याच्या प्रथेवर त्यात कडक टीका केली. संख्याशास्त्रज्ञाचे मूल्यमापन करताना त्याच्याच शास्त्राने दिलेला हा इशारा बाजूला सारणे मला अक्षम्य वाटते. म्हणून तक्त्यात एकूण संख्या, मध्यक, एच-निर्देशांक आणि सर्वांत मोठ्या निबंधाचा टक्केवारीतील वाटा हे चारही आकडे शेजारी शेजारी द्यावेत.

चौथी पायरी: प्रत्येक निबंधाची तुलना त्याच्याच शास्त्राशी करणे

परिसंस्थाशास्त्रातील निबंधांच्या संदर्भसूच्या साधारणतः लांब असतात आणि गणिती संख्याशास्त्रातील सूच्या आखूड. संशोधकांची संख्याही परिसंस्थाशास्त्राच्या बाजूने अधिक आहे. त्यामुळे तितक्याच दर्जाच्या निबंधाला एका शास्त्रात जास्त आणि दुसऱ्यात कमी सायटेशन्स मिळणे स्वाभाविक असते. काळाचा हिशेबही निराळा असतो. संख्याशास्त्रातील सैद्धांतिक निबंध परीक्षणातच दीर्घकाळ राहतात, सावकाश वाचले जातात आणि दशकांनंतरही उल्लेखले जातात. पहिल्या दोन वर्षांच्या खिडकीतून पाहिल्यास ते निष्फळ वाटतात.

यावर उपाय म्हणजे क्षेत्रानुसार सामान्यीकरण. एखाद्या निबंधाची सायटेशन्स घ्यावीत आणि त्याच क्षेत्रातील, त्याच वर्षातील, त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीने त्यांना भागावे. आपल्या काल्पनिक यादीतील ९५ सायटेशन्सचा दुसरा निबंध क्षेत्रीय परिसंस्थाशास्त्राचा आहे आणि त्या वर्षाची त्या क्षेत्राची सरासरी ५० आहे असे मानू. त्याचे गुणोत्तर १.९ येते. ४० सायटेशन्सचा तिसरा निबंध संख्याशास्त्रीय सिद्धांताचा आहे आणि तेथील सरासरी १६ आहे, तर त्याचे गुणोत्तर २.५ होते. कच्च्या आकड्यांत निम्म्याहून मागे असलेला निबंध आपल्या क्षेत्रात पुढे निघतो.

सरासरीऐवजी शतमक, म्हणजे पर्सेंटाईल, वापरणे अधिक सुरक्षित असते. आपल्या क्षेत्रातील व वर्षातील सर्वाधिक सायटेशन्स असलेल्या १० टक्के निबंधांत या शास्त्रज्ञाचे किती निबंध येतात, हा प्रश्न एखाद्या अवाढव्य निबंधाने विचलित होत नाही. निबंध थोडे असतील, तर या प्रमाणाभोवती बूटस्ट्रॅपने, म्हणजे त्याच निबंधांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून, अनिश्चिततेची कक्षा काढून दाखवावी. नऊ-दहा निबंधांवरून काढलेल्या टक्केवारीची कक्षा इतकी रुंद निघते की दोन उमेदवारांमधील लहान फरकाला काही अर्थ उरत नाही, आणि समितीने नेमके हेच पाहायला हवे.

खरी कसोटी सीमेवरच्या निबंधांची असते. ‘बायोमेट्रिक्स’, ‘मेथड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ किंवा ‘एन्व्हायर्नमेंटल अँड इकॉलॉजिकल स्टॅटिस्टिक्स’ यांसारख्या पत्रिकांतील निबंध नेमके कोणत्या क्षेत्राचे? डेटाबेस सहसा पत्रिकेवरून क्षेत्र ठरवतो आणि तेथेच घोटाळा होतो. संख्याशास्त्राच्या पत्रिकेत छापलेला, पण मुख्यतः परिसंस्थाशास्त्रज्ञ वापरत असलेला निबंध संख्याशास्त्राच्या सरासरीशी तोलला तर तो अवास्तव मोठा दिसतो. ॲन चाओ यांचा १९८४ चा ‘स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ स्टॅटिस्टिक्स’मधील निबंध याचे स्पष्ट उदाहरण आहे. एकूण वर्गांची संख्या अंदाजण्याची ती पद्धत जातिसमृद्धीच्या अभ्यासात घरोघरी पोहोचली आणि तिची सायटेशन्स मुख्यतः परिसंस्थाशास्त्राकडून आली. अशा निबंधाचे गुणोत्तर दोन्ही क्षेत्रांच्या सरासरीने वेगवेगळे काढावे आणि दोन्ही आकडे छापावेत. एकच निवडण्याचा मोह टाळावा. सायटेशन करणाऱ्या निबंधाच्या संदर्भसूचीची लांबी लक्षात घेऊन वजन देण्याची पद्धतही उपलब्ध आहे. तीत आधी क्षेत्र ठरवून घ्यावे लागत नाही, म्हणून सीमेवरच्या कामासाठी ती सर्वांत न्याय्य ठरते. ओपनॲलेक्समधून विदा उतरवून आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत हा हिशेब करणे फारसे अवघड नाही.

शोधपत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर या कामात वापरू नये. तो पत्रिकेच्या मागील दोन वर्षांतील निबंधांची सरासरी सांगतो, व्यक्तीच्या निबंधाबद्दल काहीच सांगत नाही. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेने, म्हणजे डोराने, हे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे.

पाचवी पायरी: सायटेशन्स उघडून वाचणे

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, कारण आतापर्यंतचे सगळे काम कोठे पाहायचे एवढेच सांगते.

प्रथम सायटेशन करणाऱ्या निबंधांची क्षेत्रवार विभागणी करावी. डग्लस बेट्स, मार्टिन मेख्लर, बेन बोल्कर आणि स्टीव्हन वॉकर यांचा मिश्र-परिणाम मॉडेल्स बसवणाऱ्या ‘एल-एम-ई-४’ या आर पॅकेजवरील २०१५ चा निबंध ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मध्ये आला आणि त्याला हजारोंच्या घरात सायटेशन्स मिळाली. ती परिसंस्थाशास्त्राबरोबर मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि वैद्यक येथूनही आली. अशा वेळी ‘संख्याशास्त्रात इतकी सायटेशन्स’ असे म्हणणे चुकीचे ठरते. संख्याशास्त्रज्ञांनी बनवलेले साधन अनेक शास्त्रांनी रोजच्या कामात घेतले, असे म्हणणे बरोबर. एका शास्त्रातून दुसऱ्यात गेलेल्या सायटेशन्सचा वाटा स्वतंत्रपणे नोंदवावा. दोन शास्त्रांना जोडणाऱ्या व्यक्तीच्या कामाचे ते सर्वांत थेट माप आहे आणि कोणत्याही तयार निर्देशांकात ते मिळत नाही.

त्यानंतर सायटेशनचा हेतू पाहावा. सर्व सायटेशन्स वाचणे शक्य नसते, म्हणून यादृच्छिक नमुना घ्यावा. आपल्या काल्पनिक यादीतील ४२० सायटेशन्सच्या निबंधासाठी १०० उल्लेख पुरतात. नमुन्यातील ७० टक्के उल्लेख प्रत्यक्ष वापराचे निघाले, तर साध्या सूत्रानुसार त्या अंदाजाची ९५ टक्के कक्षा दोन्ही बाजूंना सुमारे ९ टक्के-गुणांची येते, आणि ४२० पैकी १०० म्हणजे एकूण उल्लेखांचा मोठा भाग असल्याने प्रत्यक्षात ती थोडी आणखी अरुंद असते. नमुना काढताना क्षेत्रानुसार स्तर पाडले, तर लहान क्षेत्राचा आवाज दडपला जात नाही.

प्रत्येक उल्लेखाला एक खूण द्यावी: पद्धत वापरली, पद्धत पुढे विकसित केली, निष्कर्षाची तुलना केली, टीका केली किंवा केवळ प्रस्तावनेत नाव घेतले. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे खुणा कराव्यात आणि त्यांच्यातील एकमत कोहेन यांच्या कप्पा गुणांकाने, म्हणजे योगायोगाने जुळणाऱ्या खुणा वजा धरणाऱ्या मापाने, तपासावे. खुणा करताना निबंधाचे शीर्षक किंवा गोषवारा पुरेसा नसतो, उल्लेख ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि त्याच्या आसपासचा परिच्छेद वाचावाच लागतो.

या वाचनातून ज्या गोष्टी दिसतात त्या आकड्यांत लपलेल्या असतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांचा १९८४ चा छद्म-पुनरावृत्तीवरील निबंध घ्यावा. क्षेत्रीय प्रयोगांत एकाच भूखंडातील अनेक मोजमापांना स्वतंत्र पुनरावृत्ती मानण्याची चूक त्यांनी दाखवली. त्याचे पुष्कळसे उल्लेख ‘आम्ही हा दोष टाळला’ किंवा ‘आमच्या आराखड्यात ही मर्यादा आहे’ असे सांगण्यासाठी येतात. यात नवे ज्ञान उभे राहत नाही, पण एका संपूर्ण शास्त्राची शिस्त बदललेली दिसते, आणि मला असे परिणाम अनेक चमकदार शोधांपेक्षा मोलाचे वाटतात. याउलट, पद्धतीच्या निबंधाचा उल्लेख करूनही पद्धत चुकीची वापरणारे निबंध बरेच असतात. तो दोष मूळ लेखकाचा नाही, मात्र तेवढी सायटेशन्स ज्ञानाच्या वाढीच्या खात्यात धरू नयेत.

काही परिणाम सायटेशन्समध्ये उतरतच नाहीत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा १९३६ चा, दोन समूहांतील संख्याशास्त्रीय अंतर मोजण्यावरील निबंध प्रत्यक्ष वापराच्या मानाने फार थोड्या वेळा उल्लेखला जातो, कारण ते अंतर आता पाठ्यपुस्तकात आणि सॉफ्टवेअरच्या एका आज्ञेत सामावले आहे. मर्टन यांनी या घटनेचे वर्णन ‘आत्मसात होऊन पुसले जाणे’ असे केले. ‘फिशरचा अल्फा’, म्हणजे १९४३ च्या निबंधातले जैवविविधतेचे माप, मोजणारे अनेक जण त्या निबंधाचा उल्लेखही करत नाहीत. म्हणून निबंधाचे नाव न घेता पद्धतीचे नाव घेणाऱ्या लेखांचा शोध पूर्णपाठ-शोधाने घ्यावा आणि ती संख्या वेगळ्या रकान्यात मांडावी.

काही निबंध फार उशिरा जागे होतात. सी. आर. राव यांनी १९८२ मध्ये ‘थिऑरेटिकल पॉप्युलेशन बायॉलॉजी’त विविधतेच्या गुणांकांचा एकत्रित विचार मांडला. त्यातील वर्गघाती एन्ट्रॉपीला (जातींमधील फरकही हिशेबात धरणाऱ्या विविधतेच्या मापाला) परिसंस्थाशास्त्रात खरी मागणी आली ती जातींच्या गुणधर्मांवर आधारित कार्यात्मक विविधतेचा अभ्यास वाढल्यावर, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळानंतर. निबंधाच्या वर्षवार सायटेशन्सचा आलेख काढल्याशिवाय हे कळत नाही. प्रत्येक प्रमुख निबंधासाठी असा आलेख काढावा आणि चढ कोठे सुरू झाला, त्या वर्षी कोणत्या क्षेत्रातून उल्लेख येऊ लागले, हे पाहावे.

सहावी पायरी: लेखकत्वाचा वाटा

परिसंस्थाशास्त्रात पहिले नाव बहुधा मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. गणिती संख्याशास्त्रात नावे वर्णक्रमाने लावण्याची प्रथा अजून पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे ‘प्रथम लेखक असलेले निबंध’ हा निकष दोन्हीकडे लावला, तर आडनाव उशिराच्या अक्षराने सुरू होणाऱ्या संख्याशास्त्रज्ञावर अन्याय होतो. पत्रिकेची प्रथा पाहून मगच क्रमाला अर्थ द्यावा.

मोठ्या सहयोगी प्रकल्पांमुळे आणखी एक पेच येतो. वनस्पतींच्या गुणधर्मांचा जागतिक डेटाबेस ‘ट्राय’ यासारख्या प्रकल्पांच्या निबंधांना शेकडो लेखक असतात. आपल्या यादीतील ९५ सायटेशन्सच्या निबंधाला ६० लेखक असतील, तर समान वाटणीने प्रत्येकाच्या वाट्याला दोनही सायटेशन्स येत नाहीत. ही वाटणी क्रूर आहे, कारण वर्षानुवर्षे चिखलात उभे राहून विदा गोळा करणाऱ्याचे श्रम तीत नाहीसे होतात. पूर्ण श्रेय सर्वांना देणे तितकेच चुकीचे. पूर्ण आणि समभाग अशा दोन्ही रीतींनी आकडे काढावेत आणि निबंधात क्रेडिट (CRediT) या, प्रत्येक लेखकाचे काम नोंदवण्याच्या पद्धतीच्या १४ भूमिकांपैकी कोणत्या नोंदवल्या आहेत ते पाहावे. विश्लेषण, विदासंकलन, सॉफ्टवेअर आणि लेखन यांतले कोणते काम या व्यक्तीने केले, हे तेथे बहुधा सापडते.

स्वतःच्याच निबंधांचे उल्लेख वेगळे काढावेत, पण ते दोष म्हणून मांडू नयेत. एकाच ठिकाणी दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासात मागच्या निबंधाचा उल्लेख अपरिहार्य असतो. त्यांचे प्रमाण त्या क्षेत्रातील नेहमीच्या प्रमाणापेक्षा बरेच अधिक असेल, तेव्हाच कारण शोधावे.

सातवी पायरी: सॉफ्टवेअर आणि विदासंच

आर पॅकेजचा उल्लेख कधी निबंधाचा होतो, कधी माहितीपुस्तिकेचा, कधी केवळ नावाचा, आणि पुष्कळदा मुळीच होत नाही. म्हणून पॅकेजच्या सर्व उल्लेखरूपांची यादी करावी, ‘सायटेशन’ या आज्ञेने पॅकेज स्वतः कोणता संदर्भ सुचवते ते पाहावे आणि त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेस मोजावीत. डाउनलोडची संख्या दिली तर ती केवळ पूरक म्हणून द्यावी, कारण स्वयंचलित यंत्रणाही सतत डाउनलोड करत असतात. पॅकेज किती वर्षे सांभाळले, त्रुटी किती तत्परतेने दुरुस्त केल्या, हे खुल्या कोड-भांडारात दिसते आणि तो अत्यंत विश्वसनीय पुरावा असतो.

आठवी पायरी: निष्कर्ष लिहिणे आणि पडताळणीस देणे

अहवालात आधी मजकूर आणि मग तक्ता असावा. आपल्या काल्पनिक शास्त्रज्ञाबद्दलचा परिच्छेद साधारण असा होईल: ‘एकूण ६१० सायटेशन्सपैकी ६९ टक्के एका सॉफ्टवेअर-निबंधाची आहेत आणि वाचलेल्या नमुन्यानुसार त्यांतील सुमारे दोन-तृतीयांशाहून अधिक प्रत्यक्ष वापराची आहेत. सिद्धांताचा निबंध आपल्या क्षेत्राच्या सरासरीच्या अडीचपट उल्लेखला गेला. क्षेत्रीय अभ्यासाचा निबंध ६० जणांचा असून त्यात या व्यक्तीची भूमिका विश्लेषणाची होती. उरलेले सहा निबंध मिळून ५५ सायटेशन्स आहेत आणि त्यांतील तीन निबंध अलीकडचे असल्याने त्यांच्याविषयी आताच मत देता येत नाही.’ इतक्या मजकुरातून समितीला जे कळते ते ‘एच-निर्देशांक ६’ यातून कधीच कळले नसते.

वापरलेला डेटाबेस, विदा उतरवल्याची तारीख, क्षेत्रांची व्याख्या आणि गणनेचा कोड अहवालासोबत जोडावा. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संशोधनाच्या मोजमापांवरील लायडेन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांपैकी एक असे आहे की ज्याचे मूल्यमापन होते त्याला विदा आणि विश्लेषण तपासता आले पाहिजे. म्हणून मसुदा शास्त्रज्ञाला पाठवावा, नोंदी तपासण्यास दोन आठवडे द्यावेत आणि त्याने दाखवलेली प्रत्येक दुरुस्ती डीओआयसह नोंदवून, सर्व आकडे पहिल्या पायरीपासून पुन्हा काढून मगच अहवाल समितीपुढे ठेवावा.